लाइफपॅक : मुलं आपली आपण शिकतात, पण तपासायचं कोणी?

घरी शिकवायचा अभ्यासक्रम निवडायची वेळ आली की आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाया पहिल्यांदा विचारतात, "ख्रिस्ती आहे ना?" टेक्ससमध्ये राहून या प्रश्नावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती अभ्यासक्रम इथे पायलीला पन्नास मिळतात. माझी अडचण निराळी होती. मला चार मुलं. थोरला नववीत, त्याच्या पाठची सहावीत, तिसरा तिसरीत आणि शेंडेफळ अजून अक्षरं गिरवतंय. शनिवार-रविवारी रात्री मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटीला असते आणि सोमवारी सकाळी माझे डोळे उघडत नाहीत. मुलाने पुस्तक उघडावं, वाचावं, सोडवावं आणि मी डोक्यावर उभी नसतानाही दिवस पुढे सरकावा, एवढीच माझी मागणी होती.

आमच्याकडे काही वर्षांपासून अल्फा ओमेगा पब्लिकेशन्सचे लाइफपॅक, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती अभ्यासक्रमाच्या पुस्तिका, चालू आहेत. हे परीक्षण मुख्यतः त्यांचं आहे. पण बाकीचे का घेतले नाहीत तेही सांगते, कारण दुकानात उभं राहिल्यावर खरा घोळ तिथेच होतो.

आधी कायद्याचं उरकते, कारण नगरहून फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो. टेक्ससमध्ये घरची शाळा ही खासगी शाळा धरली जाते. पालकांनी १९८५ साली लावलेल्या लीपर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसा निकाल दिला. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढे विषय लेखी अभ्यासक्रमातून खरोखर शिकवले पाहिजेत, बस. नोंदणी नाही, वार्षिक परीक्षा नाही, इन्स्पेक्टर नाही. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथला नियम वेगळा असू शकतो, तो आधी बघा. काही राज्यांत दरवर्षी परीक्षेचे गुण किंवा कामाचा नमुना दाखवावा लागतो, आणि मग अभ्यासक्रम निवडताना लेखी पुरावा किती तयार होतो हेही बघावं लागतं.

तर लाइफपॅक. एका विषयाच्या एका इयत्तेला दहा पुस्तिका. आकार मोठ्या वहीचा, जाडी आपल्या दिवाळी अंकाच्या निम्म्याहून कमी. बायबल, इतिहास-भूगोल, भाषा, गणित आणि विज्ञान हे पाच मुख्य विषय. धडा आणि प्रश्न एकाच पुस्तिकेत असतात. दोन पानं वाचायची, खाली रिकाम्या जागा, जोड्या, लहान उत्तरं. दर भागाच्या शेवटी सेल्फ टेस्ट. सगळे भाग संपले की मोठी टेस्ट, आणि ती पुस्तिकेच्या बरोब्बर मध्ये स्टेपल केलेली असते. ती सुरुवातीलाच काढून ठेवा, अशी सूचनाही असते. आमच्याकडे बॉक्स आला की पहिलं काम तेच. मी बटर नाइफने पिना उचकटते, मधली पानं काढते, पिना परत दाबते आणि सगळ्या टेस्ट एका फाइलमध्ये घालून फ्रिजवर ठेवते. टीचर्स गाइडही तिथेच. त्यात उत्तरं असतात आणि प्रत्येक पुस्तिकेची आणखी एक पर्यायी टेस्टही असते. पहिल्यांदा कोणी नापास झालं की ती उपयोगी पडते.

नापास म्हणजे किती, तेही छापलेलं असतं. टेस्टच्या शेवटी एक चौकोन असतो, त्यात एकूण गुण आणि पुढे जायला लागणारे गुण. साधारण ऐंशी टक्क्यांचा हिशेब. हा चौकोन मला फार आवडतो. "आई, हे चालेल ना?" हा प्रश्न घरातून गेला. चालतं की नाही ते पुस्तिकाच सांगते, मी वाईट होत नाही. माझ्या मधलीसारख्या वाद घालणाऱ्या मुलीच्या बाबतीत याची किंमत पैशात करता येणार नाही.

इयत्ता ठरवायला कंपनी फुकट डायग्नॉस्टिक टेस्ट देते, प्रिंट काढून घ्यायची. ती टाळू नका. इथल्या शाळेतून काढलेलं मूल वयाने पाचवीत असलं तरी गणितात चौथीत आणि वाचनात सातवीत निघू शकतं. पुस्तिका विषयवार वेगळ्या मिळत असल्याने तसंच घेता येतं. माझा तिसरा तिसरीचा, पण भाषा दुसरीची चालू आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता खरी गोष्ट. 'मूल आपलं आपण शिकेल' असं सगळेच अभ्यासक्रम म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण तपासायचं कोणी, हे आईला स्वतःच विचारावं लागतं. हिशेब करून बघा. एका मुलाचे पाच विषय, प्रत्येकी दहा पुस्तिका, म्हणजे वर्षाला पन्नास. शिकणारी तीन मुलं, दीडशे पुस्तिका. आम्ही गणित वेगळं घेतो म्हणून एकशेवीस. प्रत्येकीत एक मोठी टेस्ट आणि तीन ते पाच सेल्फ टेस्ट. छत्तीस आठवड्यांचं वर्ष धरलं तर आठवड्याला तीन-चार मोठ्या टेस्ट आणि दहा ते सतरा सेल्फ टेस्ट तुमच्या टेबलावर येणार. शिवाय धड्यांमधले प्रश्न वेगळे. एक मूल असेल तर हे पोळ्या लाटता लाटता होतं. तीन असतील तर त्याला ठरलेली वेळ लागते. नाही दिली तर पंधरा दिवसांत चळत लागते, आणि मुलांना ती चळत आपल्याआधी दिसते.

कारण मुलं हुशार असतात. लाइफपॅकमध्ये मधूनमधून 'टीचर चेक' अशी ओळ असते. तिथे मोठ्या माणसाने बघून आद्याक्षरं आणि तारीख घालायची. एकदा तिथे माझीच सही दिसली, फक्त वळण तिसरीतल्या मुलाचं होतं आणि तारीख पुढच्या महिन्याची. त्याच्याशी जे बोलायचं ते बोलले. पण कुठलीही वर्कबुक पद्धत घ्या, मुलाने आपणच शिकावं असं ठरवलं की त्याला पळवाटही आपणच शोधता येते. दुसरी पळवाट याहून गुळगुळीत आहे आणि ती गुणांत दिसत नाही. रिकामी जागा भरायची तर धडा वाचायलाच पाहिजे असं नाही. प्रश्नातला एक शब्द पकडायचा, तो वर कुठल्या ओळीत आहे ते बोटाने शोधायचं, पुढचा शब्द उचलून खाली लिहायचा. शंभरपैकी पंच्याण्णव.

यावर आमच्याकडे चालतं ते असं. सेल्फ टेस्ट मूल स्वतः तपासतं, लाल पेनने, माझ्यासमोर बसून. मोठी टेस्ट मी तपासते, मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर. थोरला धाकट्याची स्पेलिंग तपासू शकतो, मधलीची नाही, कारण त्यातून होणारं भांडण मला स्पेलिंगपेक्षा महाग पडतं. आणि पुस्तिका मिटली की तोंडी सांगायचं. ही पद्धत शार्लट मेसन या इंग्लंडच्या शिक्षिकेची, तिला इथे नॅरेशन म्हणतात. एकदा वाचायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. मी ते मराठीत करून घेते. धाकट्याने ग्लेशियरचा धडा सांगताना "बर्फाची नदी असते आई, पण ती इतकी हळू जाते की ती जातेय हे दगडांनाच कळतं" असं म्हटलं. पुस्तिकेत असं वाक्य नव्हतं, म्हणजे त्याने वाचलं होतं.

बायबलचा विषय लाइफपॅकमध्ये किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरावर चालतो. त्यातले 'यू'च्या जागी येणारे 'दाऊ', 'दी' ऐकून मुलं पहिल्यांदा हसली, पण आमच्या घरात संध्याकाळचा शास्त्रपाठ जुन्या मराठी पवित्र शास्त्रातून होतो, त्यामुळे जुन्या भाषेची सवय होती. पाठांतराचं वचन मी दोन्ही भाषांत घेते. हा विषय मात्र प्रत्येकाला वेगळा देण्यात राम नाही असं माझं मत झालंय. एका घरात तीन मुलं तीन कोपऱ्यांत बसून तीन वेगळी बायबल वर्कबुकं भरताहेत, हे मला बघवत नाही. थोरल्याला त्याच्या इयत्तेच्या पुस्तिका देते, त्या खरोखर भरीव आहेत. बाकीच्यांचं एकत्र.

आता इतरांबद्दल. लाइफपॅकचा सगळ्यात जवळचा भाऊ म्हणजे एसीईचे (अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशनचे) पेस, म्हणजे त्यांच्या पुस्तिका. १९७० साली डोनाल्ड हॉवर्ड यांनी टेक्ससमध्येच सुरू केलेली पद्धत. विषयाला वर्षाला बारा पुस्तिका. मूल रोज सकाळी आज किती पानं करणार ते 'गोल कार्ड' म्हणजे ध्येयाच्या कार्डावर लिहितं, स्कोअर की म्हणजे उत्तरांची पुस्तिका घेऊन स्वतः तपासतं, अडलं तर टेबलावर लहानसा झेंडा लावतं आणि मोठं माणूस येतं. स्वतःचं काम स्वतः ठरवायची सवय लावायला याहून काटेकोर पद्धत मी पाहिलेली नाही. पानापानावर सद्गुणी मुलांची चित्रकथा असते, पात्रांची आडनावंसुद्धा सद्गुणांवरून पाडलेली. लहान मुलांना ती आवडते, चौदा वर्षांच्या पोराला दाखवून बघा काय म्हणतो ते. मला अडवलं ते बारा या आकड्याने. तपासायचं ओझं वाढतं. आणि सगळा भर पाठ करून लिहिण्यावर आहे, तो माझ्या मधलीला अगदी मानवला असता आणि थोरल्याला अजिबात नाही.

दुसऱ्या टोकाला रॉबिन्सन करिक्युलम. आर्थर रॉबिन्सन हे ऑरेगनमधले रसायनशास्त्रज्ञ. १९८८ साली त्यांची पत्नी अचानक वारली. घरात सहा मुलं, सगळ्यात लहान तर जेमतेम दीड वर्षाचं. शिकवायला माणूस नाही, म्हणून मुलांनीच शिकायचं, असा हा अभ्यासक्रम घडला. दोन तास गणित, तेही सॅक्सनच्या पुस्तकांतून आणि कोणाच्या मदतीशिवाय. मग एक पान लेखन. मग दोन तास वाचन. घरात टीव्ही नाही, साखर नाही. गृहपाठाची वर्कबुकं जवळपास नाहीतच. एकदाच विकत घ्यायचा आणि सगळ्या मुलांना पुरवायचा, त्यामुळे मोठ्या कुटुंबाला याच्याइतकं स्वस्त काही नाही. आईला तपासायला काय, तर दिवसाला प्रत्येकी एक पान निबंध. ऐकताना हेच घ्यावं असं वाटतं. पण पुस्तकं बहुतांशी कॉपीराइट संपलेली, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची. त्या काळच्या साहेबाने हिंदुस्थानाबद्दल आणि काळ्या माणसांबद्दल कशा सुरात लिहिलंय ते आपल्याला माहीत आहे, आणि असं पुस्तक हातात देऊन मुलाला एकट्याला सोडायची माझी तयारी नाही. साखरेचं तर बोलायलाच नको, आमच्या घरात नाताळला करंज्या होतात.

सॉनलाइट या ख्रिस्ती अभ्यासक्रमाची पुस्तकं सुंदर, पण ती आईने मोठ्याने वाचून दाखवायची असतात. अबेका या दुसऱ्या ख्रिस्ती अभ्यासक्रमाचे व्हिडिओ धडे शिस्तीचे, पण तीन मुलांना तीन पडदे आणि दिवसाचे तेवढे तास. ज्यांच्याकडे आई दिवसभर मोकळी आहे त्यांनी जरूर बघावेत. पैसेच नसतील तर इझी पीझी ऑल-इन-वन ऑनलाइन आणि फुकट आहे, ख्रिस्ती आहे, दिवसाचा धडा दिवसाला लावून दिलेला आहे. आमच्या मंडळीत नव्याने आलेल्या एका कुटुंबाला मी तेच सुचवलं.

गणित आम्ही टीचिंग टेक्स्टबुक्स या कॉम्प्युटरवरच्या अभ्यासक्रमावर नेलं. यात येशूचं नाव नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही, लसावि काढताना कोणाची श्रद्धा ढळल्याचं ऐकिवात नाही. कॉम्प्युटर शिकवतो, कॉम्प्युटरच तपासतो, चुकलं तर उदाहरण करून दाखवतो, आणि गुण माझ्या गुणपत्रकात येऊन पडतात. चारपासून आठ मुलांसाठी एक मोठ्या कुटुंबाची योजनाही आहे. गती जरा सावकाश आहे, म्हणून आम्ही एक इयत्ता पुढचं घेतो. पाढे मात्र सासूबाईंच्या ताब्यात. त्या नगरच्या मिशनच्या शाळेतून मास्तरीण म्हणून निवृत्त झाल्या. "शाळा नाही म्हणजे पोरं दिवसभर करतात काय?" असं पहिलं वर्षभर विचारत होत्या. आता व्हिडिओ कॉलवर धाकट्याकडून पाढे म्हणवून घेतात आणि त्याला 'बे दाही वीस'ला थांबू देत नाहीत.

विज्ञानाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्याकडे यावर कोणी बोलत नाही. लाइफपॅक, पेस, अबेका, विज्ञानाची पुस्तकं काढणारे अपॉलोजिया, सगळे सृष्टीची उत्पत्ती सहा दिवसांत झाली या बाजूचे. ते लपवतही नाहीत. मी नगर कॉलेजची बी.एस्सी., डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळ्यांनी १९४७ साली उभारलेल्या कॉलेजची. तिथे प्रार्थनाही होती आणि प्राणिशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीही होती, आणि माझी मंडळी सुटली नाही. थोरल्याला पुढे एपी बायॉलॉजी ही कॉलेजच्या पातळीची परीक्षा द्यायची आहे, त्यात उत्क्रांती हा पायाच आहे. म्हणून लाइफपॅकच्या विज्ञानातलं भौतिक आणि रसायन मी तसंच ठेवते, ते चांगलं बांधलेलं आहे. जीवशास्त्रासाठी त्याला लायब्ररीतून कॉलेजचं पुस्तक आणून दिलंय. दोन्ही वाचतो आणि जेवताना वाद घालतो. आमच्या पाळकसाहेबांना हे पटत नाही, मला पटतं.

इतिहासाचं दुखणं वेगळं. अशा बहुतेक अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रमांत हिंदुस्थान येतो तो मिशनरी जिथे गेले ती जागा म्हणून. गेले ते खरंच. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, १८३१ मध्ये नगरला आली, आणि नगरला सिंथिया फरार बाईंच्या संस्थेत सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं. पण उलटा प्रवासही झाला होता की. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या, अमेरिकाभर व्याख्यानं दिली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. हे माझ्या मुलीला पुस्तिकेतून कळणार नाही, म्हणून दहापैकी एक पुस्तिका मी दरवर्षी वगळते आणि त्या जागी आपलं काहीतरी घालते. वगळली म्हणून कोणी पकडत नाही, आम्हीच शाळा आहोत.

खर्चाचं. पुस्तिकांवर लिहायचं असल्याने प्रत्येक मुलाला नवा संच लागतो, आणि झेरॉक्स काढायला परवानगी नाही. वाचतो तो फक्त टीचर्स गाइडचा खर्च. आम्ही थोरल्याच्या पुस्तिका जपून ठेवतो. इतिहास आणि विज्ञानाची उत्तरं तो शंभरपानी वहीत लिहितो, म्हणजे त्याच पुस्तिका मधलीला जातात. भाषेत हे जमत नाही, तिथे वाक्यांखाली रेघा मारायच्या असतात. जुनं घ्यायचं तर उन्हाळ्यात मंडळ्यांमधून होमस्कूलवाल्यांचे सेकंडहँड सेल लागतात, तिथे हातात धरून बघा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी जुनी गाइड मागवली, ती आधीच्या आवृत्तीची निघाली, प्रश्नांचे क्रमांक जुळेनात, आणि परत घ्यायला तो तयार नव्हता. मुखपृष्ठाचा आणि आवृत्तीच्या पानाचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. टेक्ससमध्ये २०२५ साली झालेल्या कायद्याने २०२६-२७ पासून घरी शिकणाऱ्या मुलाला वर्षाला २,००० डॉलरपर्यंत मदत मिळू शकते, पण अर्ज करून आणि यादीतल्या खर्चालाच.

वसईच्या आणि पुण्याच्या ओळखीच्यांनी विचारलं म्हणून तेही सांगते. हे संच मागवून मुलाला घरी शिकवलंत तरी भारतातल्या बोर्डाच्या दृष्टीने त्याला काही मोल नाही. दहावीसाठी एनआयओएसचा (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा) रस्ता आहे, वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत. अभ्यासक्रम त्यांचाच करावा लागेल. आम्हीही परत यायचं मनात आलं तर थोरल्याला तिथे बसवायचं असं ठरवून ठेवलंय.

पुढच्या वर्षाची ऑर्डर ठरलेली आहे. थोरल्याला लाइफपॅक इतिहास, भाषा आणि बायबल. मधलीला गणित सोडून सगळं, कारण तिला चौकोन भरायला आणि त्याखाली माझी सही घ्यायला मनापासून आवडतं. धाकट्याला भाषा आणि विज्ञान, बाकी तोंडी. शेंडेफळाला अजून काही घेणार नाही. पाच वर्षांच्या मुलाला आपलं आपण शिकायला सांगणारा संच कोणी विकत असेल तर तो तुमच्याकडे ठेवा.